आठ महिने टेबलटॉप एक्सआरडी: काचेतले कण दिसतात, पण सगळे नाहीत

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं युनिट आहे. नॅनोक्रिस्टलाइन पट्टी आणायची, करंट ट्रान्सफॉर्मरचे कोअर गुंडाळायचे, भट्टीत भाजायचे. आठ महिन्यांपूर्वी कर्ज काढून एक टेबलटॉप एक्सआरडी घेतलं, म्हणजे नमुन्यावर एक्स-किरण टाकून ते कुठल्या कोनात परततात त्यावरून आतले स्फटिक ओळखणारं यंत्र. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण निम्म्या तक्रारी यंत्राच्या आहेत आणि निम्म्या माझ्याच समजुतीच्या.

पट्टी लोखंड, सिलिकॉन, बोरॉनची. त्यात थोडं नायोबियम आणि जेमतेम एक टक्का तांबं. १९८८ मध्ये योशिझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या मिश्रधातूची माहिती छापली, त्याच जातीची. येते तेव्हा निव्वळ काच, म्हणजे अणू काचेसारखे विस्कळीत, स्फटिक नाहीत. साधारण ५५० अंश सेल्सियसवर तासभर ठेवली की १०-१५ नॅनोमीटरचे स्फटिकाचे कण पडतात, मधली थोडी काच तशीच राहते. कोअर गिऱ्हाइकाकडे जाणार की भंगारात, हे त्या कणांवर ठरतं.

"मशीन कशाला मालक, पट्टी मोडून बघा की!" भट्टीवरचे मामा पहिल्या दिवसापासून म्हणत होते. कच्ची पट्टी दुमडली तरी तुटत नाही, भाजलेली कडकन मोडते, हे खरं. पण कण पडायच्या आधीच, नुसत्या तापण्यानंही ती ठिसूळ होते. म्हणून मशीन.

पहिला महिना वैतागाचा गेला. एक्स-किरणांची ट्यूब तांब्याची, नमुना लोखंडाचा. तांब्याच्या किरणांनी लोखंड स्वतःच चमकायला लागतं आणि ग्राफचा तळ वर उचलला जातो. डिटेक्टरची ऊर्जेची खिडकी आवळल्यावर तो खाली आला. हे विकताना कुणी बोललं नव्हतं. कोबाल्टची ट्यूब मागितली असती तर ही कटकटच नव्हती.

मग टक्क्यांचा घोळ, म्हणजे पट्टीचा किती भाग स्फटिक झाला याचा. ग्राफवर काचेचा ४५ अंशांच्या कोनाजवळ रुंद उंचवटा येतो, पाच-सहा अंश पसरलेला. १० नॅनोमीटरच्या कणांचं पीक (ग्राफवरचं टोक) त्याच जागी, जवळजवळ एक अंश रुंद. कण ५ नॅनोमीटरचे असले तर पीक दुप्पट पसरतं आणि उंचवट्यात विरघळून जातं. सॉफ्टवेअर बटण दाबल्यावर बेधडक ६२ टक्के सांगतं. तळाची रेघ जरा हलवली की तेच ७४ होतं. तो आकडा आता मी गिऱ्हाइकाला देत नाही. एकाच रेघेनं काढलेले दोन लॉट शेजारी ठेवून बघण्यापुरता तो ठीक आहे.

यंत्रानं पैसे वसूल केले ते जास्त भाजलेल्या मालात. कण पडताना पट्टी स्वतः उष्णता सोडते. भट्टीत कोअर दाटीनं रचले की मधल्यांची उष्णता बाहेर निघत नाही आणि मीटरवर ५५० दिसत असताना आतला माल कितीतरी वर जातो. मग लोखंडाचं बोराइड (लोखंड-बोरॉनचं संयुग) तयार होतं आणि कोअर मेला. बोराइडचं सगळ्यात मोठं पीक नेमकं ४५ अंशांवर, लोखंडाच्या पिकाच्या पोटात लपतं. त्यामुळे ४२.५ अंशांवरचं लहान पीक शोधायचं, तेही सावकाश स्कॅनवर. आता आम्ही भट्टी तापवताना ४८०-५०० सेल्सियसच्या आसपास थांबा देतो, रचही विरळ केलीय. मामा कुरकुरतात, एका घाण्यात माल कमी बसतो म्हणून.

पावसाळ्यात एक कच्चा लॉट आला. ४० ते ५० अंशांचा स्कॅन स्वच्छ, नुसता उंचवटा. मी पास केला. भाजल्यावर कोअर निकृष्ट. आठवडाभर मी भट्टीलाच दोष देत होतो. शेवटी कच्च्या पट्टीचा तुकडा उलटा करून पूर्ण स्कॅन लावला, तर ६५ अंशांजवळ बारीक पण टोकदार पीक! पट्टी बनवताना वितळलेला धातू फिरत्या चाकावर ओततात; तिची हवेकडची बाजू चाकाकडच्या बाजूपेक्षा सावकाश थंड होते. तिथे पातळ थरात स्फटिक पडले होते, आणि सगळे एकाच दिशेनं आडवे, म्हणून ४५ वर दिसतच नव्हते. तांब्याच्या किरणांना लोखंडात वरचे एक-दोन मायक्रॉनच दिसतात, पट्टी वीस मायक्रॉनची. म्हणजे इतके दिवस मी एकाच बाजूची कातडी बघून लॉट पास करत होतो.

आता दोन्ही बाजू, ३० ते ९० अंश. शंका आली की ओळखीच्या कॉलेजात डीएससीला (तापवताना सुटणारी उष्णता मोजणाऱ्या चाचणीला) तुकडा पाठवतो. कच्च्या पट्टीला तापवल्यावर जेवढी उष्णता सुटते त्याच्या निम्मी सुटली, तर ढोबळमानानं निम्मे कण आधीच पडलेत. तिथे अख्ख्या जाडीचा हिशोब लागतो, रेघ मारायची भानगड कमी.

सर्व्हिसचं विचाराल तर, शटर अडकलं तेव्हा पुण्याहून माणूस यायला अकरा दिवस लागले. जाताना बेळगावचा कुंदा (मिठाई) घेऊन गेला, जुना स्विच मात्र इथेच विसरला. लाईट गेली की चालू स्कॅन वाया जातो, तेव्हा मोठा यूपीएस किमतीत धराच. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नोंदणीचे कागद घेतानाच पूर्ण करून घ्या. शेजारच्या फाउंड्रीच्या धुळीसाठी आम्ही काचेची वेगळी खोली केली.

मामा अजूनही नमुना हातात देताना एक तुकडा मोडूनच देतात. हल्ली मात्र हवेकडच्या बाजूवर पेननं फुली मारलेली असते.