प्रवासासाठी कॅमेरा: घरच्यांकडून मागून न्यावा की भाड्याने घ्यावा?

वर्षाकाठी एखादीच मोठी सहल होत असेल तर तेवढ्यासाठी चांगला कॅमेरा विकत घ्यायला मन धजत नाही. मग दोन वाटा उरतात. नात्यात, ओळखीत कुणाकडे तरी असतोच, तो मागून न्यायचा. नाहीतर दुकानातून भाड्याने घ्यायचा. मी दोन्ही करून पाहिलं आहे. लडाखला आमच्या दाजींचा कॅमेरा नेला होता, हंपीला भाड्याचा. कुठल्याने फोटो जास्त चांगले येतात या वादात शिरत नाही, कारण तीच बॉडी (म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) आणि तीच लेन्स दोन्हीकडे मिळू शकते. कॅमेरा वाटेत अडून बसला की आपल्याला त्याचं काय करता येतं, यावर माझी निवड ठरली.

आणि उसना कॅमेरा अडतोच. बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असतं, पण दुसऱ्याच्या हाताच्या सवयीप्रमाणे लावलेलं असतं.

पैशांचं थोडक्यात सांगतो. दुकानात दिवसाचं भाडं, वर अनामत रक्कम आणि आधारची झेरॉक्स. मी घेतलं तिथे कॅमेरा उचलल्यापासून दिवस मोजले, म्हणजे जाण्यायेण्यातले दिवसही भाड्यात धरले गेले. लांबच्या सहलीत हा आकडा बोचतो. दाजींच्या कॅमेऱ्याला भाडं नाही; येताना ताईसाठी लेहचे जर्दाळू आणले की झालं. नुसता खर्च बघायचा तर घरचाच.

बिघाड दिसला की सुरुवातीची तपासणी दोन्हीकडे सारखीच असते. कॅमेरा बंद करायचा, बॅटरी काढून परत घालायची, लेन्स काढून खट्‌ असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवायची. लेन्सवरचे आणि बॉडीवरचे सोनेरी कॉन्टॅक्ट, म्हणजे दोघांना विजेने जोडणारे ठिपके, कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसायचे. कॅननवर ‘एरर ०१’ येतो तो लेन्स आणि बॉडीचं आपसातलं बोलणं तुटल्याचा, आणि बऱ्याचदा एवढ्या पुसण्याने तो जातो. खोडरबराने कॉन्टॅक्ट घासणारेही पाहिले आहेत, पण त्याचा चुरा माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यात, पडतो म्हणून मी ते टाळतो. ‘एरर ०२’ असेल तर कार्डाकडे वळायचं. एसडी कार्डाच्या कडेची बारीक लॉकची पट्टी ढिली झाली की आत सरकवताना खाली घसरते आणि कॅमेरा कार्ड लॉक असल्याचं सांगत बसतो. निकॉनवर ॲपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र) बदलायची रिंग असलेली जुनी लेन्स लावली असेल आणि पडद्यावर ‘एफईई’ दिसलं, तर रिंग सर्वात मोठ्या आकड्यावर नेऊन लॉक करायची. व्ह्यूफाइंडरमधून सगळं धूसर दिसतंय पण फोटो स्वच्छ येतोय, असं असेल तर डोळा लावतो तिथलं डायऑप्टरचं चाक फिरवायचं. दाजींना चष्मा आहे आणि मला नाही, त्यामुळे हे चाक मला पहिल्या दिवशीच फिरवावं लागलं. सेल्फ-टायमर कुणीतरी चालू ठेवलेला असतो, तोही एकदा बघून घ्यावा.

फोटोत डाग दिसत असतील तर ॲपर्चर एफ १६ वर, म्हणजे बरंच बारीक, ठेवून मोकळ्या आकाशाचे दोन-तीन फोटो काढायचे. डाग जागचे हलत नसतील तर धूळ सेन्सरवर आहे. हातपंपाच्या ब्लोअरने हवा मारण्यापलीकडे तिथे काही करू नये. उसन्या कॅमेऱ्याच्या सेन्सरला कापड किंवा काडी लावणं दोन्हीकडे वर्ज्यच.

इथपर्यंत घरचा आणि भाड्याचा बरोबरीत असतात. फरक पडतो तो याच्या पुढच्या पायरीवर.

लडाखमध्ये चांग ला खिंड ओलांडून आम्ही पँगाँग सरोवराला पोचलो. सव्वाचार हजार मीटरच्या आसपासची उंची आणि अंगात शिरणारा वारा. थंडीत लिथियम बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादाची बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली होती आणि ती उपयोगी पडली. पण कॅमेरा फोकसच करेना. शटरचं बटण अर्धं दाबल्यावर लेन्समध्ये जी हालचाल व्हायला हवी ती होत नव्हती. पूर्ण दाबलं तर बहुतेक वेळा फोटो निघायचा नाही, निघाला तरी समोरचे डोंगर धुक्यात असल्यासारखे. लेन्सवरचा स्विच एएफवर, म्हणजे ऑटोफोकसवर, होता. कॉन्टॅक्ट पुसले, बॅटरी बदलली, कार्ड बदललं. वरच्या यादीतलं काहीही शिल्लक ठेवलं नाही. उरला होता तो रिसेट, म्हणजे सगळी सेटिंग पुसून कॅमेरा मूळ स्थितीत आणणं.

आणि तोच मला करता येईना. दाजी पक्ष्यांचे फोटो काढतात. हिवाळ्यात भिगवणला त्यांच्या फेऱ्या चालूच असतात. उडत्या रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगो) एक मांडणी, काठावर चरणाऱ्या पाणपक्ष्यांसाठी दुसरी, झाडीतल्या अंधारासाठी तिसरी, असं त्यांनी वर्षानुवर्षं जमवत आणलेलं त्या बॉडीत साठवलेलं आहे. मेनूतल्या एका ओळीने त्यातलं काय जाईल आणि काय राहील, हे मला ठाऊक नव्हतं. विचारावं तर माझं प्रीपेड सिम लडाखमध्ये बंद पडलेलं. फोन लागला असता तर दाजी ‘कर की रे, त्यात काय एवढं’ असंच म्हणाले असते, याची मला खात्री आहे. तरीही विश्वासाने दिलेल्या वस्तूतलं मोठ्या माणसाचं काम त्यांच्या माघारी पुसायला हात धजला नाही. डोळ्यांसमोर पाण्याचा रंग बदलत होता आणि मी मेनूच्या त्या ओळीशी थांबलो होतो.

लेहला परतल्यावर हॉटेलच्या वायफायवरून दाजींशी बोलणं झालं.

“दाजी, कॅमेरा फोकस करत नाहीये हो.”

“मागचं एएफ-ऑन बटण दाबतोयस ना? शटरच्या बटणावरचा फोकस मी काढून ठेवलाय.”

पक्ष्यांचे फोटो काढणारे बरेचजण असंच करतात. फोकस अंगठ्यावर, शटर तर्जनीवर. त्यांच्या कामाला ते फार सोयीचं आहे. काही कॅमेऱ्यांत यासोबत फोकस लागल्याशिवाय शटर सुटू नये असंही लावलेलं असतं, मग ज्याला ही मांडणी माहीत नाही त्याला कॅमेरा सरळ मेल्यासारखा वाटतो. म्हणजे बिघाड असा काही नव्हताच. पण पँगाँग मात्र मागे राहिलं होतं.

हंपीला भाड्याच्या कॅमेऱ्यानेही त्रास दिला, तो काही गुणी बाळ नव्हता. हेमकूट टेकडीवर काढलेले पहिले फोटो निळसर आणि काळवंडलेले आले. आधीच्या गिऱ्हाइकाने व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचं सेटिंग, घरातल्या पिवळ्या दिव्यांसाठी लावून ठेवला होता आणि एक्स्पोजर उणेकडे ओढलं होतं. या वेळी मी क्षणभरही थांबलो नाही. सगळं पुसलं आणि कॅमेरा कारखान्यातून आला तसा केला. निकॉनच्या बऱ्याच बॉडींवर हिरवा ठिपका असलेली दोन बटणं एकत्र, दोन सेकंदांहून जास्त दाबून धरली की फोटो काढण्याची मूळ सेटिंग परत येतात. कस्टम मेनू मात्र वेगळा पुसावा लागतो, आणि फोकस कुठल्या बटणावर ठेवायचा हे तिथेच असतं. कॅननवरही कॅमेऱ्याची सेटिंग आणि कस्टम फंक्शन पुसायच्या जागा सहसा निरनिराळ्या असतात. नुसतं एक पुसून दोष गेला नाही म्हणून कॅमेरा नादुरुस्त ठरवू नये.

या मोकळेपणाचा फायदा फक्त दुरुस्तीपुरता नाही. विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या दालनाच्या भिंतीवर समोरच्या गोपुराची उलटी सावली पडते. छोट्याशा झरोक्यातून येणाऱ्या उजेडाने तयार झालेली ती एक प्रतिमाच आहे, म्हणजे ते दालन म्हणजे दगडात बांधलेला पिनहोल कॅमेराच म्हणायचा. तिथे ऑटोफोकस चाचपडत राहतो. मी फोकस हाताने केला, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वर चढवला, शटर जास्त वेळ उघडा राहील असा लावला, पडद्यावरची निम्मी माहिती बंद केली. बाहेरच्या उन्हात आल्यावर काय काय बदललं होतं ते आठवेना, तेव्हा पुन्हा रिसेट. दाजींच्या कॅमेऱ्यावर यातलं निम्मंही मी करून बघितलं नसतं.

कार्डाचंही तेच. दुकानाचं कार्ड कॅमेऱ्यात घातल्याबरोबर फॉरमॅट करता येतं. दाजींच्या कार्डात नातवाचं बारसं होतं, त्यामुळे ते मी जागचं हलवलंही नाही. कॅमेरा कुणाचाही असो, कार्ड स्वतःचं न्यावं हे उत्तम.

दाजींच्या बाजूने मात्र एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. घरच्या कॅमेऱ्याला त्याची नस ओळखणारा माणूस असतो. बॅटरीचं झाकण कुठल्या कोपऱ्यावर दाबलं की नीट बसतं, कुठली लेन्स थंडीत आवाज करते, हे सगळं त्यांना पाठ असतं. फोन लागला तर मिनिटात उत्तर मिळतं, आणि ते दुकानातल्यापेक्षा कितीतरी अचूक असतं. हंपीत एकदा लेन्सचा एरर आला तेव्हा दुकानातून एवढंच सांगण्यात आलं की लेन्स काढून परत लावा. ते मी आधीच केलं होतं. कॉन्टॅक्ट पुसल्यावर सुटलं. भाड्याच्या लेन्सच्या कॉन्टॅक्टवर बोटांचा चिकटा असतो, बॅटऱ्या थकलेल्या असतात, आणि कॅमेऱ्याचा पूर्वेतिहास कुणालाच सांगता येत नाही. हे तोटे खरेच आहेत.

म्हणून दिवसभरात कधीही फोन लागेल अशा जवळच्या ठिकाणी जायचं असेल, कास पठार म्हणा की कोकण, तर घरचा कॅमेरा मागायला माझी हरकत नाही. फक्त देणाऱ्याला आधी विनंती करावी की सेटिंग कार्डावर उतरवून द्या. वरच्या दर्जाच्या बऱ्याच बॉडींमध्ये ती सोय असते, साध्या बॉडींमध्ये बहुधा नसते. नसेल तर मेनूची पानं एकामागून एक उघडून फोनवर व्हिडिओ काढून ठेवावा आणि ‘अडलं तर रिसेट करू का?’ हे त्यांच्यासमोर बसूनच विचारून घ्यावं. आमच्याकडे दाजींनी पुढे स्वतःच तसं कार्ड बनवून ठेवलं आहे.

दूर, नेटवर्क नसलेल्या जागी जायचं असेल तर मी मात्र भाड्याचाच घेईन, आणि निघायच्या आदल्या दिवशी घेईन. एका दिवसाचं भाडं जास्त जातं. पण घरी आणून सगळं पुसलं, स्वतःचं कार्ड फॉरमॅट केलं, प्रत्येक लेन्स लावून गॅलरीतून आणि रात्री दिव्याखाली थोडे फोटो काढले, दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून वापरून बघितल्या, की काही खोड असलीच तर दुकान हाकेच्या अंतरावर असतानाच कळते आणि बॉडी बदलून घेता येते.