रिव्हर्सो की कलात्रावा?

एकच चावीचं स्विस घड्याळ घ्यायचं आणि पुढे लेकीच्या हाती द्यायचं, असं मनात असेल तर या दोन नावांपाशी पाय थबकतो. जेगर-लकूल्त्रचं रिव्हर्सो १९३१चं, पाटेक फिलिपचं कलात्रावा १९३२चं.

रिव्हर्सोची गोष्ट भारतातल्या पोलोच्या मैदानावर सुरू होते. खेळताना ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. १९३०-३१च्या हिवाळ्यात इथे आलेल्या सेझार द त्रे या व्यापाऱ्याने ही अडचण घड्याळं बनवणाऱ्या झाक-दाविद लकूल्त्रपर्यंत नेली आणि ४ मार्च १९३१ला रने-आल्फ्रेद शोव्हो या अभियंत्याने पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज केला. घड्याळाची केस, म्हणजे बाहेरची डबी, आडवी सरकवायची, पालथी घालायची, खटका बसला की तबकडी आत आणि धातूची पाठ बाहेर.

माझा जीव त्या कोऱ्या पाठीवर आहे. काच वाचवायला काढलेल्या या जागेवर लोक नावं कोरून घेऊ लागले, मग तिथे मीनाकारी आली. १९३०च्या दशकातल्या एका रिव्हर्सोवर भारतीय स्त्रीचं चित्र आहे. १९९०च्या दशकात कंपनीतल्याच मिक्लोश मर्क्झेलने ही कला आपली आपण शिकून चित्रकार आल्फोन्स मुखाचे चार ऋतू उतरवले; २०१८ला जपानी चित्रकार होकुसाईची लाट आली. टपाल तिकिटाहून लहान जागेत बारीक कुंचल्याने रंग भरायचा, सुमारे ८०० अंशांवर भाजायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा भाजायचा. शेवटच्या भाजणीत तडा गेला तर सगळं पहिल्यापासून.

कलात्रावाची कला प्रमाणबद्धतेत आहे. पहिलं, ९६ क्रमांकाचं मॉडेल फक्त ३१ मिमीचं, गोल, कुठेही जादा रेघ नाही. त्याच वर्षी कंपनी विकत घेणारे स्टर्न बंधू मूळचे तबकड्या बनवणारे, आणि ते त्या तबकडीकडे पाहून पटतं. गंमत म्हणजे सुरुवातीच्या ९६मध्ये यंत्र लकूल्त्रचं होतं, तर रिव्हर्सोत तावान या दुसऱ्याच कंपनीचं! पाटेकची मीनाकारीही अप्रतिम आहे, पण ती मुख्यतः खिशातल्या आणि टेबलावरच्या घड्याळांवर; ती पाहायला जिनिव्हातलं त्यांचं संग्रहालय गाठावं.

रोजच्या वापराला कलात्रावा सरस, हे मान्य. ३९ मिमीचं ६११९ हे मॉडेल पूर्ण चावी दिली की ६५ तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालूच. साध्या रिव्हर्सोला साधारण ४२ तासांत पुन्हा चावी लागते. पाण्याच्या बाबतीत दोन्ही नाजूक, पावसाळ्यात कपाटातच बरी. ६११९ मात्र सोन्यातच येतं. रिव्हर्सो स्टीलमध्येही मिळतं, त्यामुळे किमतीत मोठा फरक पडतो.

मी स्टीलचं रिव्हर्सोच घेईन. फक्त एक सांभाळा: रिव्हर्सोचं डुओफेस मॉडेल निवडू नका, त्याच्या पाठीवर दुसरी तबकडी असते आणि लेकीचं नाव कोरायला जागाच उरत नाही.