पायोनिअर डीजेचा एफएलएक्स४: मिरजेत हळदी वाजवत शिकलेल्याचा रिव्ह्यू

आमच्याकडं सांगली-मिरजेला डीजे म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर माणूस येत नाही, टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत येते. कुणी त्याला डॉल्बी म्हणतं, कुणी डीजे. मी घरी डीजे शिकायचंय म्हणून सांगितलं तेव्हा आईनं पहिलं विचारलं, एवढी गाडी लावायची कुठं. म्हणून आधीच सांगतो, हा रिव्ह्यू स्पीकरचा नाही. लॅपटॉपला जोडून गाणी मिक्स करायचा जो छोटा कन्सोल असतो त्याचा आहे, पायोनिअर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४. वर्ष झालं वापरतोय, दिवसा मेडिकलमध्ये काउंटरवर असतो आणि लग्नसराईत शनिवार-रविवार हळदी वाजवतो.

आधी मी पुण्यात एका क्लासला पैसे भरले होते. आठ पोरं आणि कन्सोल एक, दर रविवारी मिरजेहून रेल्वेनं जायचो आणि हाताला यायची दहा-पंधरा मिनिटं. शिकवणारे मनापासून शिकवायचे, पण हात बसायला रोज तास-दीड तास लागतो, तो तिथं मिळणार कसा? दोन महिन्यांनी सोडलं आणि उरलेल्या पैशात भर घालून हा घेतला, तेहतीस हजारांच्या आसपास पडला. आज कुणी विचारलं तर मी हेच सांगतो की आधी कन्सोल घ्या, क्लासचं नंतर बघा.

याच्या आधी २०१८ चा डीडीजे-४०० होता, सेकंडहँड बाजारात तो अजून मिळतो. एफएलएक्स४ वजनाला दोन किलोच्या थोडा वर, दोन डेक, म्हणजे एकावेळी दोन गाणी लावायच्या दोन बाजू, प्रत्येकाला आठ पॅड म्हणजे दाबायची बटणं, मधे इक्यूचे हाय-मिड-लो, म्हणजे वरचा, मधला आणि खालचा आवाज कमी-जास्त करायच्या नॉब. वीज लॅपटॉपकडूनच घेतो, वेगळा अडॅप्टर लागत नाही. गाणी मिक्स करायचं रेकॉर्डबॉक्स सॉफ्टवेअर याच्यावर फुकटात चालू होतं, तसलंच सेराटो लाइटही चालतं. बटणांची मांडणी क्लबातल्या मोठ्या मशीनसारखीच आहे, त्यामुळं उद्या पेनड्राइव्ह घेऊन पुण्या-गोव्यात कुठं वाजवायची वेळ आली तर हात गोंधळत नाहीत.

स्मार्ट फेडर म्हणून एक सोय आहे. फेडर म्हणजे सरकवायची दांडी. ती सरकवली की बीपीएम (मिनिटाला किती ठेके), आवाज, बेस सगळं तेच जुळवून घेतं. पहिल्या दिवशी घरच्यांना दाखवायला भारी आहे. पण शिकायचं असेल तर स्मार्ट फेडर आणि सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं बटण) दोन्ही किमान महिनाभर बंद ठेवा, हे मी कळकळीनं सांगतोय. मी स्क्रीनवर बीपीएमचे आकडे दिसतात तिथं कागदाची पट्टी चिकटवली होती. एका कानात हेडफोन, दुसरा कान मोकळा, गाण्याचा वेग बदलणारा पिच फेडर केसभर वर-खाली आणि जॉगच्या, म्हणजे गोल चकतीच्या, कडेला बोटानं हलका धक्का. दोन ठेके आधी घोडा धावल्यासारखे वेगवेगळे वाजतात, मग जवळ येतात आणि एका क्षणी एकच होतात. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आमच्या मिरजेत सतार-तंबोरे बनतात, तिथली माणसं जवारी (तारेचा गुंजता आवाज) लावताना तास न् तास कान देऊन बसतात, ते आठवलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपली गाणी. यूट्यूबवरचे धडे सगळे हाऊस आणि टेक्नोवर असतात, तिथं ठेका मशीनचा, १२६ म्हणजे शेवटपर्यंत १२६. हळदीला वाजतात कोळीगीतं, लावण्या, जुनी लग्नाची गाणी, आणि त्यातली जुनी गाणी माणसांनी ढोलकी-हलगीवर बसून वाजवलेली. ९६ ला सुरू झालेलं गाणं अंतऱ्याला १०० ला पोचतं आणि सॉफ्टवेअरनं आखलेल्या ठेक्याच्या रेघा तिथं चुकायला लागतात. शिवाय कोळीगीतं बरीचशी सहाच्या ठेक्यात, सॉफ्टवेअर चार मोजायला बसतं आणि भलताच बीपीएम दाखवतं. रेकॉर्डबॉक्समध्ये अॅनालिसिसला नॉर्मलऐवजी डायनॅमिक लावलं की बरंच सुधारतं, तरी प्रत्येक गाणं एकदा ऐकून सम कुठं पडते तिथं स्वतः हॉट क्यू, म्हणजे बटण दाबलं की थेट तिथून वाजणारी खूण, लावायला लागतो. मी जवळपास दोनशे गाण्यांना लावलेत, दीड महिना गेला त्यात. आणि अशा गाण्यांत लांब मिक्स करत बसू नका. ठेक्याच्या एका आवर्तनाचा तुकडा लूपवर टाकायचा म्हणजे तोच पुन्हा पुन्हा वाजत ठेवायचा, जुन्या गाण्याचा लो काढायचा, नव्याचा घालायचा आणि समेवर सोडायचं.

कमतरता आहेतच. आउटपुट एकच, तोही आरसीएचा, टीव्हीच्या लाल-पांढऱ्या पिनांसारखा. साऊंडवाल्यांच्या मिक्सरला कॅनन (तीन पिनांची एक्सएलआर) नाहीतर पी-३८ (जाड जॅकची पिन) लागते, म्हणून आरसीए टू पी-३८ च्या दोन वायरी कायम बॅगेत ठेवा आणि मिक्सरच्या जवळच बसा, लांब आरसीए ओढली की खरखर येते. बूथ आउट नाही, म्हणजे स्वतःला ऐकायला वेगळा स्पीकर लावता येत नाही, मोठ्या मांडवात हेडफोनवरच सगळा भरवसा. माइकला आवाजाची नॉब आहे पण इक्यू नाही, त्यामुळं निवेदनाचा माइक साऊंडवाल्यांच्या मिक्सरलाच लावलेला बरा.

काम मिळायचं म्हणाल तर इन्स्टावर रील टाकून मला एकही हळद मिळाली नाही. आमच्या गल्लीतल्या साऊंडवाल्या काकांकडं एक अख्खा सीझन वायरी गुंडाळल्या, टॉप (वरचे स्पीकर) उचलले, तिथून मिळाली. डीजे म्हणून शिकायला याच्यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. पहिल्याच हळदीला, आष्ट्याजवळ, जनरेटरवर लाइट होती आणि मी कन्सोल जोडल्या जोडल्या स्पीकरातून गूंऽऽ आवाज सुरू झाला, नवरीकडची माणसं वळून बघायला लागली. मी वायरी तपासतोय, सॉफ्टवेअर बंद करून चालू करतोय. काका आले, काही न बोलता लॅपटॉपच्या चार्जरची पिन ओढली. सगळं शांत. लॅपटॉप फुल चार्ज करून न्यायचा आणि बॅटरीवर वाजवायचा हे तेव्हा कळलं. आता ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हा गूं आवाज (हम) अडवणारी डबी, पण घेतलाय, दोन-चारशे रुपयांचा. चार्जरची अर्थिंगची पिन तोडून हम घालवतात काही जण, ते अजिबात करू नका, मांडवात ओल असते, शॉकनं माणूस जातो.

दुसरी गोष्ट काकांनी शिकवली ती लाल लाइटची. "लाल दिसली की हात मागं घ्यायचा बाळा, स्पीकरचा डायफ्राम माझा जातोय." कन्सोलवर आवाज हिरव्यात ठेवायचा, पब्लिकला जास्त पाहिजे तर काका मिक्सरवरनं वाढवतील. ओळीत पुढं उभी असलेली पोरं वाढव वाढव करणारच, पण मागं खुर्चीवर कुणाची तरी आजी बसलेली असते आणि तान्ही पोरं असतात.

वेळेचं पण बघा. उघड्यावर रात्री १० नंतर स्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे, आणि हळद सातची म्हणून पावणेनऊला सुरू होते. हातात सव्वा तास. म्हणून मी गाण्यांची यादी शेवटाकडून लावतो. आधी पावणेदहाला काय वाजणार ते ठरवायचं, कोळीगीतांची पंधरा मिनिटं तिथं राखून ठेवायची, आणि मग मागं मागं येत बाकीचं भरायचं. आत्याबाई आणि मावश्या नऊ वीसच्या आसपास उठतात नाचायला, त्याआधी कोळीगीत संपवलं तर त्यांच्यासाठी काही उरत नाही.