आरोग्यविषयक प्रश्नावलीचे मराठी रूपांतर : इंदूरमधील एका भाषांतरसेवेचा अनुभव

अमेरिकेतील परिचर्या-संशोधक व्हिक्टोरिया चॅम्पियन यांची स्तनाच्या कर्करोगाविषयीच्या समजुती मोजणारी प्रश्नावली इंदूरच्या रामबाग भागातील वयस्कर मराठी महिलांना विचारायची होती, म्हणून तिच्या मराठी रूपांतराचे काम आम्ही शहरातल्याच एका भाषांतरसेवेकडे सोपवले. १९८४ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली चिनी भाषेतही गेलेली आहे आणि चिनी भाषकांसाठी असे काम करताना काय सांभाळावे लागते, ते मी आधी समजून घेतले होते. चीनमध्ये सोपी केलेली लिपी चालते, तर तैवान व हाँगकाँगमध्ये पारंपरिक. शिवाय हाँगकाँगची बोली कँटोनीज असल्याने छापील प्रमाण वाक्य तिथल्या घरगुती बोलण्यापेक्षा वेगळे पडते. त्यामुळे आपली प्रश्नावली कोणाच्या मराठीत असेल, हे मी पहिल्याच भेटीत विचारले.

पहिल्या मसुद्याने निराशा केली. आजार होण्याच्या संभवाला तिथे ‘संवेदनशीलता’ म्हटले होते, आणि आमच्या घरांत संवेदनशील म्हणजे हळव्या मनाचा. पडताळणीसाठी मराठीवरून पुन्हा इंग्रजीत केलेले उलट भाषांतर मात्र मूळ इंग्रजीशी तंतोतंत जुळले, कारण ते करणाऱ्याला कोशातला शब्द ठाऊक होता. उत्तर देणाऱ्या आजींना तो ठाऊक नव्हता. मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीसाठी, ‘छातीचा एक्स-रे’ लिहिल्यामुळे तर बायकांना ती क्षयाची तपासणी वाटली. (ही प्रश्नावली ज्यावर आधारलेली आहे, ते आरोग्य-समजुतींचे मूळ प्रारूपही १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयाच्या मोफत एक्स-रे तपासणीला लोक का येत नाहीत, या प्रश्नातूनच आकाराला आले.)

खरे काम झाले ते घरोघरच्या मुलाखतींत, आणि तिथे या सेवेचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. “मला स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता आहे” हे वाक्य ऐकताच निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारून एक आजी म्हणाल्या, “असं अभद्र बोलू नये गं, वास्तू तथास्तु म्हणते.” आजाराचे किंवा मृत्यूचे नाव काढणे चिनी समाजातही अनेकांना अशुभ वाटते, अशा वेळी ‘असहमत’ या उत्तराचा अर्थ भीती नाही असा होत नाही. भाषांतरकर्तीने ते वाक्य “माझ्यासारख्या बाईलाही हा आजार होऊ शकतो” असे बदलले, आजींना पुन्हा वाचून दाखवले आणि अर्थ किती सरकला तेही नोंदवून आमच्या हाती दिले. प्रत्येक बदलाची अशी सकारण नोंद मिळणे ही मला या सेवेची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

चार आठवड्यांचे काम सात आठवड्यांवर गेले, आणि विलंबाची सूचना आम्हीच विचारल्यावर मिळाली, ही तक्रार मात्र राहते. तरीही मधुमेहाची पुढची प्रश्नावली आम्ही यांच्याकडेच दिली आहे; पहिल्या मसुद्यानंतर लगेच मुलाखती व्हाव्यात, एवढे या वेळी करारात लिहून घेतले आहे.