होम असिस्टंट चांगलंय हो, पण भिंतीवरच्या बटणाचं काय करायचं?

होम असिस्टंट म्हणजे घरातले दिवे-सेन्सर घरातल्याच कॉम्प्युटरवरून चालवणारं सॉफ्टवेअर. ते कसं टाकायचं ते आता सगळ्यांना माहितीये, ते सांगत बसत नाही. पावसाळ्याच्या आधी लावलं, दिवाळी त्यावरच गेली, म्हणून आता लिहितोय.

आधी ॲपवाले वायफाय बल्ब होते. आमच्या दादरच्या गल्लीत रस्ता खणताना फायबर तुटली आणि डोक्यावरचा बल्ब फोनवरून बंद होईना, कारण निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरला जाणार आणि तिथून परत आमच्या हॉलमध्ये येणार. कस्टमर केअरवाली म्हणते सर राउटर रिस्टार्ट करा. अहो बाई, नेटच नाहीये तर राउटर काय करणार! त्याच आठवड्यात लॅमिंग्टन रोडवरून होम असिस्टंटसाठी जुना मिनी पीसी आणि झिगबी डोंगल आणला. झिगबी म्हणजे बल्ब-सेन्सर वायफायशिवाय एकमेकांशी बोलतात ती वायरलेस पद्धत, आणि डोंगल म्हणजे त्यासाठी यूएसबीत लावायचा तुकडा.

झिगबीच्या वस्तू होम असिस्टंटला जोडून देणारं झिगबी-टू-एमक्यूटीटी हे सॉफ्टवेअर मस्त चालतं. नेट गेलं तरी दिवे लागतात, विषय संपला. फक्त डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टात थेट खुपसू नका, डिस्टर्बन्स येतो, एक्स्टेन्शन वायरवर लांब ठेवा. आणि झिगबीचा डिफॉल्ट चॅनल ११ म्हणजे वायफायच्या चॅनल १ च्या उरावरच, त्यात बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे राउटर, तेव्हा बल्ब जोडायच्या आधीच २५ करून टाका. नंतर बदललं तर काही वस्तू परत जोडत बसावं लागतं.

आता मुख्य वैताग. आई झोपायच्या आधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करते. वीज काय फुकट येते का, हे वर. बटण बंद म्हणजे बल्ब मेला, आणि झिगबीचा बल्ब दुसऱ्यांचे सिग्नलही पुढे ढकलत असतो, त्यामुळे पॅसेजमधला सेन्सर त्याच्या भरवशावर असेल तर तोही गेला. बटणावर सेलोटेप लावली, तिने नखाने काढली. खरं तर वीज खातो तो मिनी पीसी. प्लगवर मोजला तर साधारण १० वॅट, म्हणजे महिन्याला ७.२ युनिट. हे आईला सांगितलेलं नाही.

शेवटी बटणाच्या मागे रिले (फोनवरूनही चालू-बंद होणारा छोटा स्विच) बसवायचं ठरवलं आणि तिथून माझं मतच बदललं. रंगीत बल्ब आता फक्त टेबल लॅम्पला, हॉलमध्ये साधा ९ वॅटचा एलईडी आणि बोर्डात टास्मोटावाला रिले (टास्मोटा म्हणजे कंपनीच्या सर्व्हरशिवाय रिले चालवणारं सॉफ्टवेअर). आई बटण दाबते, मी फोन दाबतो, दोन्ही चालतं, भांडण नाही.

पण बेडरूमचा बोर्ड उघडून वायरमन म्हणाला, "साहेब, यात न्यूट्रलच नाही." न्यूट्रल म्हणजे वीज परत जायची वायर, साध्या रिलेला स्वतः चालू राहायला ती लागते. हॉलच्या बोर्डात प्लग पॉइंट आहे म्हणून तिथे न्यूट्रल होती. बेडरूमच्या बोर्डात नुसती फेज, न्यूट्रल वरूनच परस्पर होल्डरला गेलेली. जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर रिले मागवायच्या आधी बोर्ड उघडून बघाच. बिनान्यूट्रलचा रिले मिळतो, पण तो चालू राहायला बल्बमधूनच थोडा करंट ओढतो, म्हणून बंद केलेला एलईडी रात्रभर मिणमिणत राहतो. मग होल्डरपाशी बायपास (तो करंट बल्बऐवजी स्वतःतून जाऊ देणारा छोटा पार्ट) लावा, म्हणजे परत खर्च, परत वायरमन. लावला, आता मिणमिणणं थांबलंय.

न्यूट्रल ओढायची तर भिंत फोडावी लागेल, असं वायरमन म्हणतो. मजुरीचा आकडा ऐकून ते काम पुढच्या रंगकामावर ढकललंय.