गल्लीतल्या पार्किंग निर्बंधांविरुद्ध तीन मार्ग: हरकत, दंडाविरुद्ध अपील की उच्च न्यायालय?

इंग्लंडमधल्या निवासी गल्लीत दिव्याच्या खांबाला प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला काउन्सिलचा, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेचा, कागद दिसला, तर तो थांबून शेवटपर्यंत वाचावा. रस्त्याचा काही भाग परमिटधारकांसाठी राखून ठेवणे, कोपऱ्यांवर दुहेरी पिवळ्या रेषा (गाडी कधीही उभी करू नये, अशी खूण) आखणे किंवा दिवसातले काही तास गाड्या उभ्या करण्यास मनाई करणे, असा प्रस्ताव त्यात असतो आणि बहुधा तळाशी हरकती पाठवण्याची शेवटची तारीख असते. ज्यांना हा प्रस्ताव मान्य नाही त्यांच्यापुढे प्रामुख्याने तीन मार्ग असतात: आदेश निघण्यापूर्वी लेखी हरकत घेणे, निर्बंध लागू झाल्यावर आलेल्या दंडाविरुद्ध अपील करणे, किंवा आदेशालाच उच्च न्यायालयात आव्हान देणे. या तीन मार्गांनी मिळणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि एका ठिकाणी मागायचे ते दुसऱ्या ठिकाणी मागायला गेलेले रहिवासी रिकाम्या हाताने परततात. माझे मत आरंभीच नोंदवतो: दिसायला सर्वांत दुबळा वाटणारा पहिला मार्गच बहुतेक गल्ल्यांसाठी सर्वांत मोलाचा आहे, आणि तोच सर्वांत जास्त वाया घालवला जातो.

तुलनेकडे वळण्यापूर्वी एक कटू वस्तुस्थिती मान्य करावी लागते. आपल्या घरासमोरच्या सार्वजनिक रस्त्यावर गाडी लावण्याचा हक्क कायद्याने कोणालाही दिलेला नाही. तो काउन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) भरल्याने मिळत नाही आणि वर्षानुवर्षे तिथेच गाडी लावत आल्यानेही मिळत नाही. त्यामुळे ‘आमच्याच दारात गाडी लावण्यासाठी आम्ही पैसे का भरावेत’ हा सवाल मनाला कितीही पटला तरी निर्णय घेणाऱ्यांपुढे तो टिकत नाही. वादाला खरा आधार मिळतो तो १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याच्या कलम १२२ मध्ये. पादचाऱ्यांसह सर्व वाहतुकीची जलद, सोयीची व सुरक्षित ये-जा आणि रस्त्यावर तसेच रस्त्याबाहेर गाड्यांसाठी योग्य व पुरेशी जागा, या दोन्हींचा विचार करणे हे कलम काउन्सिलवर बंधनकारक करते. या दोहोंपैकी एकाकडे दुर्लक्ष झाले आहे असे दाखवता आले, तर रहिवाशांच्या म्हणण्याला वजन येते.

लेखी हरकत

कायमस्वरूपी आदेशाच्या प्रस्तावावर हरकत घेण्यासाठी १९९६ च्या कार्यपद्धती नियमावलीनुसार किमान २१ दिवस द्यावे लागतात. हरकत लेखी असावी लागते व तिच्यात कारणे नमूद असावी लागतात. वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. मुदतीत आलेल्या हरकतींचा विचार केल्याखेरीज काउन्सिलला आदेश काढता येत नाही, आणि आदेश काढलाच तर ज्यांनी आपली हरकत मागे घेतलेली नाही त्या प्रत्येकाला १४ दिवसांच्या आत ते लेखी कळवून, हरकत पूर्णपणे का मान्य केली नाही याची कारणे द्यावी लागतात. ही कारणे जपून ठेवावीत, कारण पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर वकील सर्वांत आधी तीच मागतो.

या मार्गाचे खरे बळ वेगळ्याच गोष्टीत आहे. निर्बंध शहाणपणाचा आहे की नाही, यावर वाद घालता येतो तो केवळ याच टप्प्यावर. पुढच्या दोन्ही ठिकाणी हा प्रश्न कोणी विचारातच घेत नाही. म्हणूनच हरकतीत निव्वळ नकार देण्याऐवजी नेमका बदल सुचवणे अधिक फलदायी ठरते. समजा, गल्ली रेल्वे स्थानकाजवळ आहे, बाहेरून आलेले प्रवासी सकाळी गाडी लावून संध्याकाळीच परततात, आणि त्यावर उपाय म्हणून काउन्सिलने सोमवार ते शनिवार, सकाळी ८ ते सायंकाळी ६.३० अशी परमिटसक्ती असलेला विभाग, म्हणजे झोन, प्रस्तावित केला आहे. दिवसभर गाडी ठेवून जाणाऱ्याला रोखण्यासाठी दुपारी एका तासाचा निर्बंधही पुरेसा असतो, आणि लंडनच्या कडेच्या भागांत अशी तासाभराची व्यवस्था अनेक ठिकाणी प्रत्यक्षात आहे. ‘आम्हाला झोन नको’ असे लिहिणाऱ्याला काउन्सिल प्रवाशांच्या गाड्यांची समस्या पुढे करून सहज उत्तर देऊ शकते. ‘समस्या मान्य आहे, पण तिच्यासाठी साडेदहा तासांची सक्ती कशासाठी, आणि शनिवारी हे प्रवासी येत नसताना शनिवारचा समावेश का’ असे विचारणाऱ्याला मात्र अभ्यास करून उत्तर द्यावे लागते. वृद्ध आईकडे दिवसातून दोनदा येणारी परिचारिका किंवा मुलांना सोडायला येणारे आजी-आजोबा यांची सोय कशी होणार, हेही याच पत्रात तारीख-वेळेसह मांडावे. कोपऱ्यांवरच्या दुहेरी पिवळ्या रेषांना विरोध करण्यात मात्र शक्ती घालवू नये. चौकापासून १० मीटरच्या आत गाडी लावू नये असे हायवे कोड ही ब्रिटनची अधिकृत रस्ते-नियमपुस्तिकाच सांगते, आणि तिथे विरोध केल्याने बाकीच्या रास्त मुद्द्यांचीही किंमत कमी होते.

प्रस्तावासोबत काउन्सिलने कारणांचे निवेदन पाहण्यासाठी ठेवलेले असते. ते वाचल्याशिवाय हरकत लिहिणे म्हणजे आरोप न वाचता खुलासा देण्यासारखे आहे. गाड्यांच्या पाहणीचे आकडे हवे असल्यास माहिती स्वातंत्र्य कायदा, २००० खाली ते मागता येतात, पण उत्तरासाठी कामकाजाचे २० दिवस असतात, म्हणजे सुमारे चार आठवडे. हरकतीची २१ दिवसांची मुदत तोवर उलटून गेलेली असते. त्यामुळे काउन्सिल पत्रके वाटून प्राथमिक मत अजमावत असते तेव्हाच हा अर्ज द्यावा. सह्यांच्या निवेदनाने विरोधाचा आकार दिसतो व नगरसेवकाचे लक्ष वेधले जाते, परंतु एकाच मजकुराखालच्या दोनशे सह्यांमधून कारण एकच पुढे येते. वेगवेगळ्या घरांतून आलेली, वेगवेगळ्या अडचणी सांगणारी वीस पत्रे मी त्याहून प्रभावी मानतो.

प्रायोगिक आदेशाची रीत निराळी आहे. त्यात निर्बंध आधी लागू होतो, तो जास्तीत जास्त १८ महिने चालू शकतो, आणि तो कायम करू नये अशी हरकत अंमलबजावणीपासूनच्या पहिल्या सहा महिन्यांत घ्यायची असते. या काळात रहिवाशांना प्रत्यक्ष परिणाम दाखवता येतो: शेजारच्या गल्लीत सरकलेल्या गाड्यांची छायाचित्रे, दुपारी रिकाम्या पडलेल्या राखीव जागा, अडलेली कचरागाडी.

या मार्गाची मर्यादाही लपवून उपयोग नाही. हरकती म्हणजे मतदान नव्हे. बहुसंख्य रहिवासी विरोधात असले तरी प्रामाणिकपणे विचार करून काउन्सिल आदेश काढू शकते, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीही वावगे नसते.

दंडाविरुद्ध अपील

अनेक जण हरकतीची मुदत जाऊ देतात आणि पहिला दंड आला की ‘आता न्यायाधिकरणातच बघू’ असे म्हणतात. हा बेत आदेश उलथवण्यासाठी असेल तर तो फसणारच. अपिलाच्या वैधानिक कारणांमध्ये ‘आदेश अवैध आहे’ हे कारण आहे खरे, पण १९८४ च्या कायद्यानुसार ज्या आदेशांना केवळ उच्च न्यायालयातच आव्हान देता येते, ते आदेश त्यातून वगळलेले आहेत, आणि गल्लीतले नेहमीचे पार्किंग आदेश त्याच वर्गात मोडतात. अपील जिंकल्यास तो एक दंड रद्द होतो. दुसऱ्या दिवशी तिथेच गाडी लावली तर नवा दंड येऊ शकतो.

फलक दिसत नव्हता, रेषा पुसट झाल्या होत्या, परमिट वैध होते, अशा तक्रारींसाठी मात्र हा मार्ग उत्तम आहे. नोटीस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे भरल्यास रक्कम निम्मी होते. त्याच काळात अनौपचारिक आक्षेप घेतला व तो फेटाळला गेला, तर बहुतेक काउन्सिल सवलत पुन्हा देऊ करतात. पुढे वाहनमालकाच्या नावे नोटीस येते व २८ दिवसांत औपचारिक निवेदन करता येते. तेही नाकारले गेल्यास लंडनमध्ये लंडन ट्रिब्युनल्सकडे, उर्वरित इंग्लंडमध्ये ट्रॅफिक पेनल्टी ट्रिब्युनलकडे विनाशुल्क अपील करता येते, पण निम्म्या रकमेची सवलत तोवर संपलेली असते. फलकातल्या बारीकसारीक त्रुटींवर फार विसंबू नये. सन २०११ मध्ये सुंदरलँडमधल्या एका झोनच्या प्रकरणात अपील न्यायालयाने स्पष्ट केले की इकडच्या-तिकडच्या किरकोळ दोषांनी संपूर्ण झोनचे निर्बंध निकामी होत नाहीत; वाहनचालकाला नियम पुरेसा समजत होता की नाही, हा खरा प्रश्न आहे.

उच्च न्यायालय

आदेश काढल्याच्या तारखेपासून सहा आठवडे, एवढीच मुदत इथे मिळते. ती टळली की आदेशाच्या वैधतेवर पुढे कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येत नाही. आव्हानाची कारणेही दोनच आहेत: आदेश कायद्याने दिलेल्या अधिकारांबाहेरचा आहे, किंवा कार्यपद्धती पाळलेली नाही आणि त्यामुळे अर्जदाराच्या हितसंबंधांना ठळक बाधा पोचली आहे. निर्णय चुकीचा, गैरसोयीचा किंवा अविचारी आहे असे न्यायाधीशांना वाटले, तरी तेवढ्याने तो रद्द होत नाही. हरल्यास काउन्सिलच्या वकिलांचा खर्चही सहसा अर्जदारावर येतो, म्हणून एकट्याने हे पाऊल उचलू नये आणि आधी या विषयातल्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

तरीही काही लढे याच ठिकाणी जिंकले जातात. उत्तर लंडनमधल्या बार्नेट काउन्सिलने २०११ मध्ये रहिवाशांच्या पहिल्या परमिटचे शुल्क ४० पौंडांवरून १०० पौंडांवर आणि पाहुण्यांच्या कुपनाचे १ पौंडावरून ४ पौंडांवर नेले. एका रहिवाशाने शेजाऱ्यांच्या पाठबळावर त्याला आव्हान दिले, आणि जुलै २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने ही वाढ बेकायदा ठरवली. १९८४ चा कायदा महसूल उभारण्यासाठी नाही, आणि इतर रस्तेखर्च भागवण्यासाठी जादा पैसा मिळवणे हा परमिट-शुल्क वाढवण्याचा हेतू असू शकत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. या प्रकरणात काउन्सिलचा हेतू तिच्याच कागदपत्रांतून सिद्ध झाला होता, हे ध्यानात घ्यावे. सल्लामसलतीतल्या दोषांसाठी २०१४ चा हॅरिंगे काउन्सिलविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उपयोगी पडतो. तो कौन्सिल टॅक्समधल्या सवलतीबाबतचा असला, तरी प्रस्ताव कच्चा असतानाच मत मागवावे, पुरेशी माहिती व वेळ द्यावा आणि आलेल्या उत्तरांचा मनापासून विचार करावा, ही तत्त्वे त्यात अधोरेखित झाली आहेत.

स्थानिक शासन व सामाजिक सेवा लोकपालाकडे काउन्सिलच्या तक्रार-प्रक्रियेनंतर विनाशुल्क जाता येते. कारभारातल्या चुका तो दाखवू शकतो, पण आदेश रद्द करू शकत नाही.

तेव्हा निवड बरीचशी तारखेवर ठरते. २१ दिवस संपलेले नसतील तर बाकी सर्व बाजूला ठेवून हरकत लिहावी. आदेश नुकताच निघाला असेल आणि प्रक्रियेत ठोस दोष दिसत असेल, तर त्याच आठवड्यात वकिलाला भेटावे. वाद स्वतःच्या एका दंडापुरता असेल तर अपील करावे. आणि सहा आठवडेही उलटून गेले असतील, तर परिणामांची नोंद ठेवून काउन्सिलकडे फेरआढावा मागणे एवढेच उरते. पण तेव्हा आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्यावे, कारण निर्बंध शिथिल करण्याचा आदेशही त्याच २१ दिवसांच्या प्रक्रियेतून जातो, आणि ज्यांना ते निर्बंध हवेसे झाले आहेत त्यांनाही त्यावर हरकत घेण्याचा तितकाच अधिकार असतो.