निळ्या पायांचे हर्मिट क्रॅब : नऊ महिन्यांनंतर

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर आमच्या दीडशे लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत आठ हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे छोटे खेकडे, सोडले. दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ माजलं होतं आणि ब्रशने घासून मी कंटाळलो होतो. आज त्यातले सहा आहेत.

दगडांच्या फटीत यांचा हात धरणारं कोणी नाही. दोन्ही नांग्यांनी आळीपाळीने शेवाळ खुडतात आणि तोंडात घालतात, दिवसभर तेच. तळाला पडलेलं माशांचं उरलंसुरलं खाणंही उचलतात. काचेवर मात्र त्यांना पकड मिळत नाही, तिथे गोगलगायीच हव्यात. लाल, लिबलिबीत थराकडे तर ते ढुंकूनही पाहत नाहीत. तो मी नळीने ओढून काढतो.

माझी खरी चूक शंखांची झाली. या खेकड्याचं पोट मऊ आणि उघडं असतं, कवच त्याचं स्वतःचं नसतं. अंग वाढलं की त्याला मोठा शंख लागतो, आणि रिकामा मिळाला नाही तर तो राहत्या घरावर हल्ला करतो. डिसेंबरमध्ये एका सकाळी माझ्या गोगलगायीचा शंख वाळूवर भराभर चालताना दिसला. वाकून पाहिलं तर आतून निळे पाय बाहेर आलेले. फार वाईट वाटलं, कारण त्यात खेकड्याचा दोष नव्हता. घरात गणपतीपुळ्याहून आणलेले जुने शंख होते. त्यातले गोल तोंडाचे, रंग न लावलेले निवडले, उकळून घेतले आणि वेगवेगळ्या मापांचे पंधरा टाकीत ठेवले. तेव्हापासून एकही गोगलगाय गेली नाही. खेकड्यांइतकेच शंख पुरेसे नाहीत, दुप्पट ठेवा.

कात टाकणं आधी वाचून ठेवा. रिकामी कात हुबेहूब मेलेल्या खेकड्यासारखी दिसते. आमच्या मुलीने रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि चार दिवसांनी तोच खेकडा दगडामागून बाहेर आला.

पाण्याबद्दल आम्हा इंदूरकरांसाठी थोडं जास्त लिहितो. नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून, जलूदहून येतं. प्यायला छान, पण मीठ कालवायला नळाचं पाणी नकोच, कारण त्यातल्या फॉस्फेट आणि सिलिकेटवर शेवाळ पोसतं. घरातल्या आरओचं पाणी चालेल असं मला वाटलं होतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावला तर ८० दाखवत होता, कारण चवीसाठी ते यंत्र थोडं कच्चं पाणी मिसळतं. तो व्हॉल्व्ह बंद करून पुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय काडतूस जोडलं, आकडा शून्यावर आला आणि महिन्याभरात शेवाळ निम्म्याने घटलं. म्हणजे खेकड्यांचं निम्मं श्रेय या काडतुसाचं!

मे महिन्यात पाणी ३० अंशांवर गेलं. वरून छोटा पंखा लावला, त्याने तापमान उतरलं, पण पाणी भराभर उडायला लागलं. अशा वेळी भर गोड्या पाण्याची घालायची. मीठ उडत नाही, त्यामुळे खारं पाणी ओतलं तर खारटपणा चढत जातो. मी पाण्याची विशिष्ट घनता (खारटपणाचं माप) १.०२५ वर ठेवतो.

पुन्हा घेईन, पण सहाच. आणि माशांना पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध या टाकीत कधीच घालू नका. मासा वेगळ्या टाकीत काढा, कारण तांब्याने खेकडे आणि गोगलगायी दोन्ही मरतात.